दवाखाना आणि घर यांच्या मधले दिवस

नाशिकजवळच्या ओझरमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं किंवा मुलीचं मन आजारी पडलं, तर घरच्यांपुढे आज जवळपास दोनच वाटा असतात. एक, महामार्गाने नाशिक गाठायचं, मनोविकारतज्ज्ञांकडे नंबर लावायचा, दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, चिठ्ठीवरच्या गोळ्या घ्यायच्या आणि ‘महिन्याने दाखवायला या’ एवढं ऐकून घरी परतायचं. दुसरी वाट भरतीची. ती सहसा कोणी आपण होऊन धरत नाही; एखाद्या रात्री घर हादरतं आणि मग धरावी लागते. पहिल्या वाटेवर महिन्यातले उरलेले सगळे दिवस आई-वडिलांनी काय करायचं, हे कोणी सांगत नाही. दुसऱ्या वाटेवर सगळं डॉक्टर आणि नर्स बघतात, पण मूल बरं होऊन परततं ते त्याच घरात, त्याच बोलण्यात, त्याच भांडणात. या दोन वाटांच्या मधे एक उपचारपद्धत बसते. तिची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे. पुढची पानं पालक, शिक्षक आणि गावातले डॉक्टर यांच्यासाठी लिहिलेली आहेत.

पद्धत सांगायला सोपी आहे. मूल रात्री घरीच झोपतं, जमेल तेवढी शाळा किंवा कॉलेजही करतं. पण आठवड्यातले तीन ते पाच दिवस, दर वेळी दोन-तीन तास, ते उपचाराला येतं. असं दोन-तीन महिने चालतं. अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात याची मापं ठरवलेली आहेत: मोठ्यांसाठी आठवड्याला किमान ९ तास, किशोरवयीनांसाठी किमान ६. आठवड्याला २० तासांवर गेलं की तो दिवसभराच्या रुग्णालयाचा प्रकार मानतात. या तासांत समुपदेशकाशी एकट्याने बोलणं असतं, समवयस्कांचा गट असतो, मनात भडका उडाला तर पुढची दहा मिनिटं कशी काढायची याचा सराव असतो, औषधांचा आढावा असतो आणि घरच्यांची बैठक असते. तांत्रिक नाव सघन बाह्यरुग्ण उपचार. स्वतःला इजा करणारी मुलं, महिनोन् महिने शाळेची पायरी न चढलेली मुलं, खाणं-पिणं सोडत चाललेल्या मुली, नैराश्याने खोलीबाहेर न येणारे, नशेच्या उंबरठ्यावरचे आणि नुकतेच रुग्णालयातून सुटलेले, हे सगळे इथले उमेदवार. ज्याचा जीव आज रात्री धोक्यात आहे, जो भासांच्या तावडीत अन्नपाणी विसरला आहे, त्याला मात्र भरतीच हवी. हा फरक पहिल्याच पानावर सांगितलेला बरा, कारण ‘भरती टाळता येते’ हे ऐकायला घरचे इतके आतुर असतात की बाकीचं ऐकूच येत नाही.

दिवसा रुग्णालयात आणि रात्री घरी ही कल्पना नवी नाही. मॉस्कोत १९३३ साली अशी व्यवस्था झाली. १९४६मध्ये मॉन्ट्रियलला युएन कॅमेरॉनने दिवसाचं रुग्णालय काढलं, हाच तो कॅमेरॉन ज्याच्या नावावर पुढे रुग्णांवरचे अघोरी प्रयोग लागले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोशुआ बीअररने आपलं काढलं. युद्धानंतर खाटा कमी होत्या आणि रुग्ण जास्त, हे या सोयीमागचं सरळ कारण. मात्र घरच्यांना उपचारात बसवण्याचा मान आपल्या देशाकडे बराच लवकर जातो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांच्याकडेही खाटांची ओढाताण होती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. नातेवाईक शुश्रूषा करता करता आजार समजून घेऊ लागले, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७पासून मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याचीच पद्धत ठेवली. पाश्चात्त्य पुस्तकांत कुटुंब हा बराच काळ आजाराचा गुन्हेगार होता. इथे गरजेपोटी का होईना, ते उपचाराच्या टेबलावर आधीच येऊन बसलं होतं.

मराठी मुलखातही याची बीजं सापडतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा उपचार फक्त पिणाऱ्याचा करून भागणार नाही हे त्यांनी ओळखलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. नवरा सुटून येईल तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं, पैसे कोणाच्या हाती ठेवायचे, पुन्हा प्यायला तर काय करायचं, हे बायका एकमेकींकडून शिकल्या. धुळ्याकडून कॅनडातल्या कॅल्गरीला गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षं जवळून पाहिला आणि नव्वदच्या दशकात पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम उभं केलं. नातेवाइकांचा आधारगट हा तिथला कणा. याच धडपडीतून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) ही संस्था काढली आणि मानसिक आरोग्याची भाषा सभागृहांत आणि शाळांत नेली. यातलं काहीही सघन बाह्यरुग्ण उपचार या नावाखाली बसत नाही. पण घर शिकवलं तर आजार आवरतो, हे या सगळ्यांनी मराठीतच सिद्ध करून ठेवलं आहे.

आकड्यांकडे एकदा बघून घेऊ. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. वेगवेगळ्या आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही. नेहमी दिला जाणारा आकडा ०.७५ आहे, आणि त्यातले बहुतेक शहरांत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यात १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात एक दिवस येतात, एखाद्या परीक्षेला दोष देतात आणि जातात.

आता ओझर. हे गाव दोन गावांचं आहे. बाणगंगेकाठचं जुनं ओझर, खंडेरावाच्या यात्रेचं, द्राक्षबागांचं. आणि पलीकडे १९६४पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सभोवती उभी राहिलेली टाउनशिप, मिग आणि सुखोई घडवणारी, देशभरच्या भाषा बोलणारी. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झालं. त्याच्या जुळणीवर हात काळे केलेल्या माणसांची नातवंडं आता इथे दहावी-बारावीला आहेत. टाउनशिपमधल्या घरात ताण असतो तो बापाने मिळवलेली पक्की नोकरी मुलाला मिळणार नाही याचा. बागायतदाराच्या घरात ताण असतो तो गारपिटीचा, कर्जाचा, व्यापाऱ्याने बुडवलेल्या पैशाचा. दोन्ही घरांतली मुलं नाशिकच्या त्याच क्लासला जातात आणि त्याच चाचणीत मागे पडतात.

म्हणून इथला कार्यक्रम इथल्या घड्याळावर बसवावा लागेल. कारखान्याची शिफ्ट आणि बागेचं वर्ष, दोन्ही धरून. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे नेमक्या काढणीच्या गर्दीत. मुलाचं मन सर्वांत जास्त ताणलेलं असतं तेव्हा घरातला प्रत्येक मोठा माणूस बागेत किंवा पॅकिंगच्या शेडमध्ये असतो. ‘पालकांनी आठवड्यातून दोनदा यावं’ असा नियम काढणीच्या दिवसांत लावला तर चौथ्या दिवशी कोणी येणार नाही. अशा वेळी रात्री साडेआठची बैठक ठेवावी, किंवा आजी-मामांपैकी जो मोकळा आहे त्याला पालक मानावं. मामा कामाचा माणूस असतो. बापाला जे सांगता येत नाही ते भाचा त्याला सांगतो.

आपल्याकडे आरोग्याची सोय कालव्यासारखी वाहते. वरच्यांना मिळते, शेवटच्या टोकाला कोरड. ओझरला हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. वाघाड प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी टोकाच्या शेतांपर्यंत पोचत नव्हतं, तेव्हा समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि १९९१च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाळी कधी, किती, कोणाची, हे शेतकरी स्वतः ठरवू लागले. पुढे साऱ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन अशा संस्थांकडे आलं आणि देशभरातून माणसं ते बघायला आली. ज्या गावाने पाण्याचा हिशेब असा स्वतःच्या हाती घेतला, त्या गावाला आठवड्यातून तीन संध्याकाळी एक खोली, दोन समुपदेशक आणि एक वेळापत्रक सांभाळणं जड जाऊ नये, असं मला वाटतं.

माणसं कुठून आणायची, हा पहिला आक्षेप असतो. त्याचं उत्तर बाहेर शोधायला नको. याच नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत, २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो आखला. गावातलीच, लोक ज्यांच्याकडे मन मोकळं करतात अशी माणसं निवडली, त्यांना प्रशिक्षण दिलं. मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवून ती शेजाऱ्यांशी बोलत, चार-सहा बैठकींत साधं समुपदेशन करत, आजार जड दिसला तर डॉक्टरकडे पाठवत, आणि पेन्शन किंवा रेशनचं काम अडलं असेल तर तेही सोडवायला हातभार लावत. पुढे हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेलं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने त्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याचे उपचार करून घेतले, तो अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ पूर्ण वेळ नको आहे. आठवड्यातले त्याचे काही तास आणि एक चिकित्सा-मानसतज्ज्ञ हवा. रोजचं काम शिकवलेली माणसं करू शकतात. नाशिक आणि ओझरच्या मधे, आडगावला, मराठा विद्या प्रसारक समाजाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय शिक्षणाचं विद्यापीठही नाशिकलाच. शिकणाऱ्या डॉक्टरांना ओपीडीच्या रांगेपलीकडचं काही दाखवायचं असेल तर दहा-बारा किलोमीटरवर जागा आहे.

एक आठवडा कसा जातो ते सांगतो. समजा बारावी सायन्सची मुलगी आहे. वडील शिफ्टला, आई घर आणि शिवणकाम बघते, आजी सोबत. दिवाळीनंतर तिने क्लास सोडला, मैत्रिणींशी बोलणं थांबवलं; हातावरच्या जखमा आईला कपडे धुताना, बाहीवरच्या डागांमुळे कळल्या. सोमवार, बुधवार आणि शनिवार ती संध्याकाळी येते. सोमवारी समुपदेशकाबरोबर गेल्या दोन दिवसांची डायरी वाचली जाते: किती झोपली, काय खाल्लं, मनात किती वेळा इजा करण्याचा विचार आला, त्याच्या आधी काय घडलं. बहुधा आधी काहीतरी अगदी छोटं घडलेलं असतं. वडील म्हणाले, ‘शेजारच्या पोरीचा पर्सेंटाइल बघ’, एवढंच. बुधवारी सहा-सात मुलांचा गट. त्यात शिकवलं जातं ते मार्शा लिनहॅन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी बांधलेल्या पद्धतीतलं: लाट आली की ती ओसरेपर्यंत काय करायचं, हवं ते न भांडता कसं मागायचं, ‘नाही’ कसं म्हणायचं. अ‍ॅलेक मिलर आणि जिल राथस यांनी ही पद्धत किशोरांसाठी बेतली तेव्हा आई-वडिलांना त्याच वर्गात, मुलांच्या शेजारी बसवलं. मला यातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. बापाने सगळ्यांसमोर गृहपाठ करायचा, आणि तो केला नाही तर मुलीने बघायचं.

शनिवारी कुटुंबाची बैठक. इथे खरं काम होतं, आणि इथेच सर्वांत जास्त घाम फुटतो. वडील पहिल्या दिवशी हमखास म्हणतात, ‘आमच्या बापाने आम्हाला कुठे समुपदेशक लावला होता?’ आई रडते, आणि तिला रडताना बघून मुलगी गप्प होते. आजी सांगते की पोरीला दृष्ट लागली आहे. आजीला दृष्ट काढू द्यावी. मीठ-मोहरीने कोणाचं बिघडलेलं नाही, फक्त गोळ्या बंद करायच्या नाहीत एवढं तिच्याकडून कबूल करून घ्यावं. आजीला आपल्या बाजूला घ्यायचं, तिला शत्रू करून चालत नाही. भगताकडे नेऊन मुलीला मार बसला, धुरी दिली, कोंडलं, तर तो वेगळा मामला. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका त्यासाठीच आहे.

बैठकीत वडिलांना सांगितलं जातं की उपदेश करण्याआधी मुलगी काय म्हणाली ते एकदा आपल्या शब्दांत परत सांगा. ‘तुला वाटतं की मी फक्त मार्कांचंच बघतो. असंच ना?’ हे वाक्य म्हणायला कित्येक बापांना तीन आठवडे लागतात. आईला शिकवलं जातं की थेट विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती सार्वत्रिक आहे, आणि ती खोटी असल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. विचारलं की मुलं बहुधा सुटकेचा श्वास टाकतात. मुलीलाही नियम असतात. ‘मला एकटीला राहू दे’ म्हणून दाराला आतून कडी लावायची नाही. पंधरा मिनिटं हवी असतील तर तसं सांगायचं, आणि आईने ती पंधरा मिनिटं दारात उभं राहून मोजायची नाहीत.

घरातल्या बोलण्याला एवढं महत्त्व का, याला जुना आधार आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९५०-६०च्या दशकांत पाहिलं की रुग्णालयातून सुटलेले काही लोक घरी गेल्यावर पुन्हा लवकर आजारी पडतात, आणि ज्या घरांत टीका, वैर किंवा अति गुंतणं जास्त असतं तिथे हे जास्त घडतं. पुढे चंदीगडला डॉ. विग आणि सहकाऱ्यांनी तीच मोजपट्टी लावली. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात भारतीय घरांत, त्यातही खेड्यांत, अशी टीका लंडनपेक्षा कमी आढळली. हे काम मोठ्यांच्या स्किझोफ्रेनियावरचं आहे, बारावीच्या मुलांवरचं नाही. चाळीस वर्षांत घरंही बदलली. तेव्हाच्या खेड्यात कोणी पर्सेंटाइल मोजत नव्हतं. तरी आपल्या घराकडे सहन करण्याची जी शिदोरी आहे तिला कमी लेखू नये, आणि ‘आमच्या संस्कृतीत असलं काही नसतं’ म्हणून तिच्यावर झोपूही नये.

द्राक्षपट्ट्यात एक गोष्ट उघड बोलावीच लागते, ती म्हणजे फवारणीची औषधं. पडवीत, पायरीखाली, मोटारीच्या खोलीत ती असतातच. मनात विचार येणं आणि कृती होणं यात पुष्कळदा काही मिनिटांचंच अंतर असतं; त्या मिनिटांत घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने १९९०च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथला आत्महत्येचा दर मोठ्या प्रमाणात उतरला. पण त्याच देशात घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याचा १८० गावांतला प्रयोग झाला, आणि २०१७च्या अहवालानुसार पेट्यांनी फरक पडला नाही. म्हणजे सगळ्या गावाला पेट्या वाटून काम होत नाही. कुलपाची किल्ली खिळ्यालाच टांगलेली असते. ज्या घरात मूल धोक्यात आहे हे ठाऊक आहे, त्या घराने मात्र औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. आजोबांच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्याही त्यातच आल्या. मुलाच्या स्वतःच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच आणाव्यात.

कायद्याबद्दल घरच्यांच्या मनात भीती जास्त आणि माहिती कमी असते. मूल वाचलं तर पोलीस केस होईल, नाव लागेल, नोकरी मिळणार नाही, म्हणून माणसं दवाखान्यात खोटं सांगतात. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच त्याने गृहीत धरलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं ३०९ कलम सरळ गेलंच. त्याच २०१७च्या कायद्याचं १८वं कलम घरच्यांना आधार देणाऱ्या सेवा आणि मुलांसाठी वेगळ्या सेवा सरकारने पुरवाव्यात असं म्हणतं. कागदावर, म्हणजे, आपण मागतो आहोत ते आहेच. अल्पवयीन मुलाला भरती करायचं तर पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं, मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, असंही हा कायदा सांगतो. नियम चांगला आहे. पण राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. काढणी सोडून तीन आठवडे ठाण्यात कोण राहणार? घराजवळची मधली सोय नसेल तर हा नियमच गरिबाला भरतीपासून दूर ठेवतो.

पैशाचा हिशेब तर उलटाच आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा, असं याच कायद्याचं २१वं कलम सांगतं. पण विम्याचा पैसा मुख्यतः भरती झाल्यावर सुटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा गाभाही रुग्णालयातल्या उपचारांचाच. म्हणजे मूल इतकं बिघडू द्या की खाट लागेल, मग पैसे मिळतील. ते बिघडू नये म्हणून आठवड्यातले सहा तास दिलेत तर खिशातून द्या. कारखान्यातल्या कामगाराला कंपनीच्या वैद्यकीय सोयीचा थोडा आधार तरी असतो. शेजारच्या शिवारातल्या शेतमजुराला तीन संध्याकाळींचं रिक्षाभाडंच परवडत नाही. असा कार्यक्रम कोणी उभा करणार असेल तर त्याच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ प्रवासखर्चाची असावी.

या पद्धतीवर आंधळा विश्वासही नको. व्यसनांच्या बाबतीत २०१४च्या एका मोठ्या आढाव्याने म्हटलं की सघन बाह्यरुग्ण उपचाराचे परिणाम भरती-उपचारांच्या तोडीचे दिसतात. किशोरांच्या नैराश्याबाबत पुरावा अजून तितका घट्ट नाही. बरेच अभ्यास तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेले आहेत, आणि अमेरिकेत हा चांगला चालणारा धंदाही आहे. तिथली चकचकीत माहितीपत्रकं वाचून इथे नक्कल करू नये. पण ‘मग शाळेतच सगळ्या मुलांना ध्यान शिकवा’ हा स्वस्तातला मार्गही चालला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर तो करून पाहिला. २०२२मध्ये निकाल आला की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा झाला नाही. आपल्याकडे तर वर्षातून एक प्रेरणादायी व्याख्यान, हार, नारळ आणि फोटो एवढ्यावर शाळा सुटतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. नेमला, आणि त्याच्याकडे पाठवायला पुढची जागाच नसेल, तर तो बिचारा तरी काय करील?

लाज हा शेवटचा अडथळा, आणि छोट्या गावात तो सर्वांत खरा. ओझरमध्ये कोण कुठे गेलं हे संध्याकाळपर्यंत चौकात कळतं. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, सगळं त्याला बांधलेलं. म्हणून इमारतीवर ‘मानसोपचार’ असा फलक लावायची घाई करू नये. शाळा सुटल्यावरचा वर्ग, अभ्यासिकेच्या मागची खोली चालेल. टाउनशिपमधल्या काही घरांना गावात यायचं नसेल, गावातल्या काहींना टाउनशिपमध्ये. त्यांना आडगाव बरं पडेल. गटात नावं बाहेर न नेण्याचा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांनी सही करून मान्य करायचा, मामांनीसुद्धा.

असा कार्यक्रम आज ओझरमध्ये सुरू होण्याची वाट बघत कोणी बसू नये. आहे त्यातून आठवडा जोडता येतो, आणि पुढची प्रकरणं तेच सांगतात. नाशिकच्या डॉक्टरांना विचारावं की सुरुवातीचे सहा आठवडे महिन्याऐवजी आठवड्याला बोलावता येईल का, निदान फोनवर. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे. तो मराठीतही बोलतो, आणि आजारी मुलाइतकाच थकलेल्या आईनेही लावावा. वर्गशिक्षकांपैकी एकाला, फक्त एकाला, सगळं सांगून ठेवावं. आणि एका कागदावर मुलाबरोबर बसून लिहावं: बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा एकट्याने काय करता येतं, कोणाकडे जाऊन बसता येतं, कोणाला फोन करायचा, घरातून काय हलवायचं, कोणत्या दवाखान्यात रात्री जायचं आणि गाडी कोण काढणार. मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. एक प्रत त्याच्याजवळ, एक रात्री घरात जो जागा असतो त्याच्याजवळ. दर पंधरा दिवसांनी तो कागद पुन्हा वाचायचा, कारण मामाची बदली होते, मैत्रीण अबोला धरते, शिफ्ट बदलते, आणि मग तिथला फोन नंबर बदलावा लागतो.